आइसलँडमधील दोन हजार वाहक आणि न कळवलेला निकाल

मार्च २०१५ मध्ये रेक्याविक येथील डिकोड जेनेटिक्स या कंपनीने ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात काही शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध केले. मुख्य निबंध २,६३६ आइसलँडवासीयांच्या संपूर्ण जनुकसंचाच्या वाचनावर आधारलेला होता. त्याच सुमारास कंपनीचे संस्थापक डॉ. कारी स्टेफान्सन यांनी जाहीरपणे असे सांगितले, की बीआरसीए-२ या जनुकातील, स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा घातक बदल देशात कोणाकोणात आहे, हे एक बटण दाबताच आपल्याला दिसू शकते. अशा व्यक्ती, म्हणजे या बदलाचे वाहक, सुमारे दोन हजार आहेत. आणि तरीही त्यांना ते कळवण्याची मुभा आपल्याला नाही. दीर्घकालीन आरोग्य अभ्यासात रक्त दिलेल्या माणसाला त्याच्या रक्तात काय सापडले हे सांगावे की नाही, हा प्रश्न जगभर अनेक अभ्यासांपुढे आहे, पण तो इतक्या स्पष्ट आकड्यांसह एखाद्या संपूर्ण देशापुढे उभा राहिल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहणे उपयोगाचे आहे.

पाच अक्षरे

बीआरसीए-२ हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे. पेशीतील डीएनए तुटला की तो नीट सांधण्याच्या कामात या जनुकापासून बनणारे प्रथिन लागते. आइसलँडमध्ये या जनुकातील एक विशिष्ट बदल शेकडो वर्षांपूर्वीच्या एखाद्या सामाईक पूर्वजापासून वंशपरंपरेने पसरला आहे. संशोधनाच्या जुन्या भाषेत त्याला ‘९९९ डेल ५’ म्हणतात, म्हणजे ९९९ व्या स्थानापासून डीएनएच्या मजकुरातील पाच अक्षरे गळालेली. (आज मोजणी प्रथिनाची माहिती जिथून सुरू होते तिथून करतात, त्यामुळे तेच स्थान आता ७७१ वे ठरते. जुने आणि नवे अहवाल शेजारी ठेवून वाचणाऱ्या कुटुंबाला हे दोन वेगवेगळे दोष वाटू शकतात, म्हणून हा खुलासा.)

केवळ पाच अक्षरांनी एवढे काय बिघडते, हे समजून घेण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. पेशी जनुकातील मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचते. ‘गणेश सकाळी बाजार करून निघाला’ हे वाक्य घ्या. यातील प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा आहे. ‘गणेश’च्या पुढची पाच अक्षरे काढून टाकली आणि उरलेली पुन्हा तीन-तीन करून वाचली, तर हाती येते ते ‘गणेश रकरू ननिघा ला’. गळाले ते पाच अक्षरांपुरते, पण अर्थ गेला तो पुढच्या सगळ्या वाक्याचा. बीआरसीए-२ मध्ये असेच होते, आणि थोड्याच अंतरावर ‘थांबा’ असा संकेत लागून प्रथिन तिथेच संपते. ३,४१८ घटकांच्या जागी पेशीला जेमतेम पावणेतीनशे घटकांचा निकामी तुकडा मिळतो.

१९९० च्या दशकात आइसलँडमधील संशोधकांनी मोजले तेव्हा हा बदल सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे ०.६ टक्के, स्तनांचा कर्करोग झालेल्या स्त्रियांत ७.७ टक्के आणि स्तनांचा कर्करोग झालेल्या पुरुषांत तब्बल ४० टक्के आढळला. पुरुषांचा आकडा मुद्दाम देत आहे, कारण ‘बायकांचे जनुक’ ही समजूत आपल्याकडेही पक्की आहे. वडिलांकडूनही हा बदल तितक्याच शक्यतेने मुलीकडे जातो, आणि वाहक पुरुषाला प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोकाही जास्त असतो.

माहिती जमली कशी

डिकोडची स्थापना १९९६ ची. लहान देश, शतकानुशतके जपलेल्या वंशावळी आणि सर्वांसाठी एकच सार्वजनिक आरोग्यव्यवस्था या तीन गोष्टींमुळे आजारांची जनुकीय कारणे शोधण्यासाठी आइसलँडसारखी दुसरी जागा नाही, हे स्टेफान्सन यांनी ओळखले होते. १९९८ मध्ये संसदेने संपूर्ण देशाच्या आरोग्यनोंदी एका संगणकीय संचात आणण्याचा कायदा केला. जो स्पष्टपणे नकार देणार नाही त्याची संमती गृहीत धरली जाईल, अशी त्याची रचना होती. सुमारे वीस हजार लोकांनी नकार नोंदवला. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नोंदी या संचात जाऊ नयेत म्हणून एका मुलीने दाद मागितली आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला, कारण वडिलांच्या जनुकीय माहितीतून मुलीबद्दलही अनुमान काढता येते. तो संच कधी उभाच राहिला नाही. त्यानंतरचे सगळे काम लेखी संमती देऊन रक्त देणाऱ्या स्वयंसेवकांच्या बळावर झाले आणि त्यांची संख्या लाखाच्या पुढे गेली. तेव्हा साडेतीन लाखांच्या आत लोकसंख्या असलेल्या देशात ही फार मोठी गोष्ट होती.

या इतिहासाचा पुढच्या वादाशी थेट संबंध आहे. ज्या देशात ‘गृहीत संमती’ या शब्दावरून एकदा एवढे रण माजले होते, तिथे ‘त्यांना कळवायला त्यांची हरकत नसेलच’ असे पुन्हा गृहीत धरणे सोपे नव्हते. शिवाय २०१२ च्या अखेरीस डिकोड ही कंपनी अॅमजेन या अमेरिकी औषध कंपनीने ४१.५ कोटी डॉलरना विकत घेतली होती.

२,६३६ जणांच्या वाचनातून दोन हजार वाहक कसे कळतात, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. एक लाख चार हजारांहून अधिक लोकांचे जनुकसंच पूर्ण वाचलेले नव्हते, पण डीएनए तपासणाऱ्या चिपवर त्यांतील ठरावीक खुणा तपासलेल्या होत्या. त्या खुणांवरून, मधल्या न वाचलेल्या भागात काय असणार हे बरेचसे खात्रीने भरून काढता येते, कारण एकाच पूर्वजाकडून आलेला गुणसूत्राचा तुकडा सोबतच्या खुणांसह येतो. पुढची पायरी वंशावळीची: आई, आत्या आणि दोन भाऊ यांची माहिती हाती असेल तर ज्या बहिणीने कधीच रक्त दिले नाही तिच्याबद्दलही अंदाज बांधता येतो. या शेवटच्या प्रकारच्या कामावर देशाच्या व्यक्तिगत माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०१३ मध्ये हरकत घेतली होती.

म्हणजे त्या दोन हजारांत दोन वेगळे गट होते. एकाने रक्त दिले होते, संशोधनाला संमती दिली होती, पण निकाल कळवावा की नाही हे त्याला कोणी विचारले नव्हते. दुसऱ्याने काहीच दिले नव्हते. या दोघांना एकाच तराजूत तोलल्यामुळे चर्चेत बराच गोंधळ झाला, असे माझे मत आहे.

दोन बाजू

स्टेफान्सन यांची भूमिका साधी आणि आवेशाची होती. एखादा माणूस कड्याच्या दिशेने चालला आहे हे दिसत असताना त्याने सूचना मागितली नव्हती म्हणून गप्प राहणे त्यांना मान्य नव्हते. वाहक स्त्रीला धोका माहीत झाला तर ती दरवर्षी एमआरआय तपासणी करून घेऊ शकते, बीजांडकोश किंवा स्तन आधीच काढून टाकण्याचा निर्णय घेऊ शकते. म्हणजे हे ज्ञान वापरता येण्याजोगे आहे. ज्यावर काहीच उपाय नाही अशा आजाराची ही पूर्वसूचना नाही. हा भेद महत्त्वाचा आहे आणि त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे.

विरोधातील भूमिका ‘न कळण्याच्या हक्का’वर उभी होती. मानवी हक्क आणि जैववैद्यक यांविषयीच्या १९९७ च्या युरोपीय ओव्हिएदो कराराचे दहावे कलम सांगते, की प्रत्येकाला आपल्या आरोग्याबद्दल जमवलेली माहिती मिळण्याचा हक्क आहे, मात्र कळू नये अशी ज्याची इच्छा असेल तिचा मान राखला पाहिजे. युनेस्कोच्या त्याच वर्षीच्या मानवी जनुकसंचविषयक जाहीरनाम्यातही हा हक्क आहे. सकाळी दाराशी आलेले पत्र उघडेपर्यंत जी बाई स्वतःला निरोगी समजत होती, ती पत्र उघडल्यावर तशी राहत नाही आणि ते पत्र परतही करता येत नाही. या हक्काला भित्रेपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पंचविशीतील मुलीने हे आज कळून घ्यायचे की मूल झाल्यावर, हा तिचा निर्णय आहे.

यात आणखी एक अडचण होती, जिच्याकडे बाहेर फारसे लक्ष गेले नाही. पत्रात आकडा कोणता लिहायचा? आइसलँडमधील कर्करोग नोंदणी खूप जुनी आहे आणि तिच्या आधारे झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की याच बदलाच्या वाहक स्त्रीला ७० वर्षे वयापर्यंत स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता १९२० च्या सुमारास १८.६ टक्के होती आणि २००२ पर्यंत ती ७१.९ टक्क्यांवर गेली. गळालेली पाच अक्षरे तीच आणि लोकही त्याच वंशाचे. बदलले ते जगणे. याच काळात वाहक नसलेल्या स्त्रियांतही धोका जवळपास त्याच पटीत वाढला, म्हणजे जनुकाला परिस्थितीची साथ लागते. ‘तुमच्यात दोष आहे’ एवढे सांगून भागत नाही. त्या दोषाचा तिच्यापुरता अर्थ काय हे समजावून सांगणारे माणूस समोर लागते. देशातील जनुकीय समुपदेशक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असताना दोन हजार पत्रे एकदम पाठवणे म्हणजे प्रश्न टपालात टाकून मोकळे होणे ठरले असते.

संकेतस्थळ

न विचारता कळवण्याला कायद्याचा आधार मिळाला नाही. तेव्हा २०१८ मध्ये डिकोडने उलट दिशेने वाट काढली. कंपनीने एक संकेतस्थळ उघडले, ज्यावर कोणताही प्रौढ नागरिक आपल्या इलेक्ट्रॉनिक ओळखपत्राने प्रवेश करून, माहिती वाचून आणि संमती देऊन, आपल्यात हा बदल आहे का एवढेच विचारू शकत होता. निकाल तयार झाला की तो त्याच ठिकाणी वाचायचा. वाहक ठरलेल्यांना राष्ट्रीय विद्यापीठ रुग्णालयातील जनुकीय समुपदेशनाकडे जाण्यास सांगितले जाई, कारण संशोधनासाठी केलेल्या तपासणीच्या आधारे शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येत नाही. नवा रक्तनमुना घेऊन खात्री करावी लागते.

२०१९ च्या अखेरीपर्यंत सुमारे ४६ हजार लोकांनी, म्हणजे प्रौढ लोकसंख्येच्या जवळपास पाचव्या हिश्शाने, तिथे नोंदणी केली. त्यांतील ३५२ जण वाहक निघाले.

या योजनेचे मोल कमी लेखू नये. तिने न कळण्याचा हक्क पूर्ण राखला आणि ज्याला कळून घ्यायचे आहे त्याच्यासमोरचा अडसर जवळजवळ दूर केला. एरवी कुटुंबात आधीच कर्करोग झालेला असल्याशिवाय ही तपासणी सहसा सुचवली जात नाही; इथे ती घरबसल्या मागता येऊ लागली. मात्र नकारार्थी उत्तराचा एक धोका होता. संकेतस्थळ एकच बदल तपासत होते. त्याच जनुकातील इतर बिघाड, आइसलँडमध्ये क्वचित आढळणारा बीआरसीए-१ मधील बदल आणि मुख्य म्हणजे कोणत्याही जनुकाशी संबंध नसलेले बहुसंख्य कर्करोग या उत्तराच्या कक्षेत येत नव्हते. ‘नाही’ हा शब्द वाचून जी स्त्री नेहमीची तपासणी टाळेल, तिचे या योजनेमुळे नुकसानच होईल.

आता ३५२ हा आकडा दोन हजारांशेजारी ठेवून पाहा. ढोबळ मानाने पाच-सहा वाहकांतील एकाला कळले. उरलेल्यांत तीन प्रकारचे लोक आहेत: ज्यांनी विचार करून न कळण्याचे ठरवले, ज्यांच्यापर्यंत ही सोय पोचलीच नाही, आणि ज्यांना वाटते की आपण तर रक्त कधीच देऊन बसलो आहोत, काही असते तर त्यांनी कळवले असते.

या तिसऱ्या प्रकाराबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तो मी जवळून पाहिला आहे. काही वर्षे मी आरोग्य अभ्यासांची संमतीपत्रे मराठीत आणण्याचे आणि गावात बसून ती लोकांना वाचून दाखवण्याचे काम केले. एका संमतीपत्रात एक ओळ होती: ‘या तपासणीचे वैयक्तिक निकाल आपणास कळविण्यात येणार नाहीत.’ ओसरीवर बसून मी ती ओळ सावकाश वाचली. पन्नाशीच्या बाईंनी मान हलवली, दंडावरचा पदर सारून हात पुढे केला आणि सुई टोचून झाल्यावर कापूस दाबून धरत म्हणाल्या, “ताई, काही वाईट निघालं तर तुम्ही सांगालच की.” मी ती ओळ पुन्हा वाचली. त्या हसून म्हणाल्या, “ते कागदापुरतं झालं हो. माणूस माणसाला सांगतोच.” त्यांनी सही केली. त्या संमतीपत्रात नियमाच्या दृष्टीने काहीही कमी नव्हते, आणि तरीही त्या बाईंनी जी गोष्ट मान्य केली आणि कागदावर जी गोष्ट होती, त्या दोन वेगळ्या होत्या. पुढची अनेक वर्षे अभ्यासाकडून काही आले नाही म्हणजे आपले सगळे ठीक आहे, असेच त्या धरून चालल्या असणार.

अभ्यासाचे मौन सहभागी माणसाला मौन म्हणून ऐकू येत नाही. त्याला ते ‘तब्येत बरी आहे’ असे ऐकू येते. आइसलँडच्या वादात दोन्ही बाजूंनी सांगणे आणि न सांगणे या दोनच गोष्टी धरल्या आणि न सांगणे ही तटस्थ स्थिती मानली. माझ्या मते तिथेच चूक झाली.

विचारणे

सांगणे आणि न सांगणे यांच्या मध्ये तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे विचारणे. रक्त दिलेल्या प्रत्येकाला, वाहक असो वा नसो, एकच पत्र जावे: आपल्या नमुन्यात उपचार करता येण्याजोगा धोका आढळला तर तो आपल्याला कळवावा का? होय, नाही, किंवा नंतर विचारा. हे पत्र सर्वांनाच गेले पाहिजे. फक्त वाहकांना विचारले तर प्रश्न हाच निकाल ठरतो. इतक्या लहान देशात शेजारणीला पत्र आले नाही आणि मला आले, एवढ्यावरून सगळे कळेल.

हे करता येते याची उदाहरणे आहेत. एस्टोनियाने २००० साली केलेल्या मानवी जनुक संशोधन कायद्यातच नमुना देणाऱ्याला आपली जनुकीय माहिती कळून घेण्याचा आणि न घेण्याचा असे दोन्ही हक्क दिले आणि तिथल्या जैवपेढीने (नमुने साठवणाऱ्या संस्थेने) पुढे बीआरसीए वाहकांना बोलावून समुपदेशनासह निकाल दिले. इंग्लंडमधील एक लाख जनुकसंच प्रकल्पात संमती घेतानाच असे अतिरिक्त निष्कर्ष हवेत का, हे वेगळे विचारले गेले. अमेरिकेतील ‘ऑल ऑफ अस’ या दीर्घकालीन अभ्यासाने डिसेंबर २०२२ पासून ज्यांनी हवे म्हटले त्यांना आरोग्याशी संबंधित जनुकीय निकाल देण्यास सुरुवात केली. उलट ब्रिटनच्या यूके बायोबँकेने २००६ ते २०१० या काळात पाच लाख लोकांकडून नमुने घेताना जनुकीय निकाल परत देणार नाही असे आधीच स्पष्ट केले. त्या धोरणावर मतभेद असू शकतात, पण निदान ते पहिल्या दिवशी सांगितलेले होते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून माता आणि मुलांचा पाठपुरावा करणारा अभ्यास असो की सुमारे दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचणारा जीनोम इंडिया प्रकल्प असो, आपल्याकडेही नमुने साठत आहेत आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जनुकीय संशोधनासाठी स्वतंत्र विभाग आहे. तो प्रश्न मराठीत कोणत्या शब्दांत विचारायचा आणि ‘कागदापुरतं’ न वाटेल असा कसा विचारायचा, हे काम मात्र प्रत्येक ठिकाणी नव्याने करावे लागेल.

विचारण्यानेही सगळे सुटत नाही. जी बहीण ‘नाही’ म्हणते आणि जी ‘होय’ म्हणते, त्या दोघींचे आईवडील एकच असतात. होय म्हणणारी वाहक निघाली तर नाही म्हणणारीही वाहक असण्याची शक्यता पन्नास टक्के ठरते आणि ही गोष्ट जेवणाच्या ताटावर लपत नाही. जो पत्राला उत्तरच देत नाही त्याचे काय, यावरही दोन मते राहतील. माझे मत असे, की उत्तर न येणे म्हणजे नकार धरावा, पण काही वर्षांनी पुन्हा विचारावे, कारण तिशीतले उत्तर पन्नाशीत तसेच राहते असे नाही. जे वारले त्यांच्या मुलांना विचारावे का, हा २००३ च्या निकालाने उभा केलेला प्रश्न तर अजून वेगळा आहे. आणि ज्यांनी रक्तच दिले नाही, ज्यांची माहिती केवळ नातेवाइकांवरून काढली, त्यांच्याबाबत मला प्राधिकरणाची हरकत योग्य वाटते. त्यांच्यासाठी संकेतस्थळाचे उघडे दार हीच योग्य सोय होती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये डिकोडच्या संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नवा निबंध प्रसिद्ध केला. आता ५७,९३३ जणांचे संपूर्ण वाचन हाती होते. उपचार किंवा प्रतिबंध शक्य आहे अशा ७३ जनुकांची प्रमाणित यादी लावून पाहिल्यावर त्यांतील २,३०६ जणांत, म्हणजे दर पंचवीस माणसांत एकात, कळवण्याजोगा काही ना काही बदल सापडला. बीआरसीए-२ मधील घातक बदल असलेल्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा सात वर्षांनी कमी दिसले. २०१८ च्या संकेतस्थळाने यांतील एका जनुकातील एका बदलाबद्दल उत्तर दिले होते.